गाठीला घाई कळते

आमच्या शेजारच्या तांडेलबाबांच्या घरात कात्री नव्हती. अडकित्ता होता, विळी होती, कोयता तर होताच. कात्री मात्र औषधालाही नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "सुपारीला गाठ नसते, तिला कापा. लाकडाला नसते, ते तोडा. ज्याला गाठ हाय ते सुटतं. सुटणारं कापतो तो आळशी."

त्यांचं निम्मं आयुष्य शिडाच्या मचव्यावर गेलं होतं. मुंबईचा माल सावित्रीच्या खाडीतून दासगावच्या बंदराला आणायचा, इकडचा तांदूळ, लाकूड तिकडे न्यायचं. मचव्याचा कारभारी तो तांडेल, म्हणून सगळे तांडेल म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव असेलच काहीतरी, पण ते मी कधी ऐकलं नाही. बहुतेक तेही विसरले असावेत.

महाडच्या बाजारात एक वाणी होता. तो मुद्दाम त्यांच्या गुळाच्या पुडीला गाठीवर गाठ मारायचा. तांडेलबाबा दुकानाच्या पायरीवर बसायचे, पुडी मांडीवर घ्यायचे आणि सुतळी सोडवायला लागायचे. मागची गिऱ्हाइकं खोळंबायची, वाणी हैराण. सुतळी मोकळी झाली की तिची गुंडी करून त्याच्या पुढ्यात ठेवायचे, "घे, अखंड हाय." चार बाजारांनंतर वाण्याने त्यांना गूळ पानात गुंडाळून द्यायला सुरुवात केली.

आळीतल्या एका लग्नात नवरानवरीची गाठ सुटेना. शेल्याचा आणि शालूचा असा काही पीळ बसला होता की करवल्या कात्री आणायला धावल्या. तांडेलबाबा पंगतीतून उष्ट्या हाताने उठले. "लग्नाच्या दिवशीच गाठ कापता? मग उद्या भांडायला काय ठेवाल?" हात धुऊन आले, दोन बोटांनी गाठ चाचपली, कुठूनशी ढिली केली आणि परत पानावर जाऊन बसले. भात निवला होता म्हणून वाढपणीवर मात्र चिडले.

आता असा माणूस पोरीबाळींच्या केसांच्या नादाला कसा लागला ते सांगते.

बायको गेली तेव्हा त्यांच्या पदरात तीन मुली होत्या, थोरलीसुद्धा परकरातली. त्यांनी मचवा सोडला आणि घरी काथ्याचे दोर वळायला लागले. शेजारणींनी सांगितलं, पोरींचे केस बारीक करून टाका, तुम्हाला कुठं वेण्या जमायच्या. ज्याच्या घरात कात्री नाही त्याला हा सल्ला. पहिल्या दिवशी त्यांनी थोरलीला पुढ्यात घेतली आणि शीड उतरवावं तशी फणी टाळूपासून खाली ओढली. आळीला वाटलं पोरीला विंचू चावला. मग हा माणूस दिवसभर ओटीवर बसून राहिला, आणि संध्याकाळी उठला तो हसतच. खाऱ्या पाण्याने कडक झालेला दोर कोरडा सोडवायला गेलं तर नखं जातात, हे त्यांना विसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. त्याला आधी गोड्या पाण्यात भिजवायचा, मऊ करायचा, आणि सुरुवात शेवटाकडून करायची. "दोराला जी अक्कल वापरली ती पोरीला वापरली नाय," असं ते स्वतःच सांगायचे.

शिकेकाईने डोकं आमच्याकडे सगळ्याच धूत. तांडेलबाबांचं म्हणणं, "शिकेकाई मळ नेते आन् मळाबरोबर केसाचा ओलावापण नेते. तो परत नको द्यायला?" परत द्यायची त्यांची रीत अशी. परसातल्या जास्वंदीची पानं घंगाळातल्या पाण्यात टाकून हाताने चोळायची. चोळता चोळता पाणी घट्ट होऊन तार धरायला लागलं की पंच्यातून गाळायचं. त्यात भिजवून पाट्यावर वाटलेली मेथी घालायची, ओल्या नारळाचं पहिलं दाट दूध घालायचं, आणि थंडीचे दिवस असले तर थोडी कोमट पेज. हे सगळं धुतलेल्या केसांना चोपडायचं आणि ते केसांवर असतानाच फणी फिरवायची. आम्ही पोरी त्याला बुळबुळ म्हणायचो. तेही तसंच म्हणायला लागले.

सगळेच प्रयोग काही साधले नाहीत. एकदा त्यांना वाटलं, भोकराचा गर जास्वंदीपेक्षा चिकट असतो, म्हणजे तो जास्त गुणाचा. भोकराने आम्ही पतंग चिकटवायचो. मधल्या मुलीचं डोकं त्या दिवशी वाळल्यावर जे काही झालं, त्याची आठवण काढली की ती तीन पोरांची आई झाल्यावरही बापाकडे पाठ करून बसायची. तेल ओतून ओतून ते सुटलं. कात्री तेव्हाही आली नाही.

भोकराचा धडा घेऊन त्यांनी एक नियम केला, तो म्हणजे जिभेला चालेल तेच डोक्याला. कालवलेली बुळबुळ आधी स्वतः चाखायची. कुणाची पानं, कुणाचं तेल, काहीही पुढे आलं की बोट बुडवून जिभेवर. शेजारणीच्या नवऱ्याने मुंबईहून वासाचा साबण आणला होता. ती मिरवायला घेऊन आली, तर यांनी तोही चाटला. परसात जाऊन थुंकून आले आणि म्हणाले, "हा कपड्यांना लाव गो. त्यांना जीव नसतो."

मुली लग्न होऊन गेल्या, पण रविवार सुटला नाही. सकाळी ओटीवर पाट मांडून, घंगाळ भरून बसायचे आणि आळीतल्या पोरींना हाका मारायचे. आम्ही रांग लावायचो. त्यांची शिंगाची फणी होती, तिचा एकाआड एक दात त्यांनी स्वतः मोडून टाकला होता, म्हणजे दातांमध्ये जागा व्हावी. तळहात दोराने सोलून सोलून ढालीच्या कातड्यासारखे झालेले, पण केसांत फिरताना कळतही नसत. शेंड्यापासून चार बोटं, मग आणखी चार बोटं, असे वर यायचे. आम्ही चुळबुळ केली की म्हणायचे, "बाय, बस नीट. गाठीला घाई कळते. कळली की ती आवळते." रस्त्याने जाणारे बापे टोमणा मारायचे, "काय तांडेल, मचवा सोडून वेण्या हाकताय?" हे मान वर न करता म्हणायचे, "मचवा सरळ चालतो रे. ह्या नाय चालत."

मी नऊ-दहा वर्षांची असताना मला मुदतीचा ताप आला. श्रावण गेला, गणपती आले नि गेले, मी अंथरुणातच. वडील मुंबईला गोदीत कामाला, घरात आई एकटी. तिने गावदेवीला नवस केला की पोर उठून बसेपर्यंत तिच्या डोक्याला फणी लावणार नाही. नवस पाळला आणि पोर उठलीही. पण उठले तेव्हा माझ्या डोक्यामागे केसांचा एक गोळा झाला होता. वर दगडासारखा, खाली दोरासारखा लोंबणारा. बघायला आलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने हात जोडले. "जट आली," ती म्हणाली.

जट म्हणजे देवीचं बोलावणं, असं सगळे मानत. जटेला कात्री लावायची नाही, फणी लावायची नाही. जिला जट आली ती देवीची. तिचं लग्न नाही, संसार नाही. हातात देवीच्या नावाची परडी घ्यायची आणि दारोदार जोगवा मागायचा. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं, कारण माझी आत्याच तशी होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. पोलादपूरच्या वर, कापडे गावाच्या पुढे डोंगरात आमच्या मूळ घरी राहायची. सात वर्षांची असताना तिला जट आली होती. आता डोक्यावर जटांचा एवढा भार की मान किंचित पुढे झुकलेली, आणि त्यांत भरलेल्या हळदीने कपाळ कायम पिवळं. बाई कडक, पण वाईट नव्हती. येताना माझ्यासाठी तवशी, डोंगरातल्या मोठ्या काकड्या, आणायची, आपल्या हाताने सोलून मीठ लावून द्यायची. बातमी कळली तशी ती डोंगर उतरून आली, माझं डोकं पाहिलं आणि आईला म्हणाली, "देवीनं मागितलीय. तिला नाय म्हणायचं नसतं. दसऱ्याला परडी देऊ आन् मी हिला वर घेऊन जाईन. माझ्यापाशी राहील." मुंबईला वडिलांना निरोप गेला. 'ताई म्हणेल तसं,' असं उत्तर आलं.

मला देवीची भीती वाटली नाही, जोगव्याचीही नाही. मला एवढंच कळत होतं की दसऱ्यानंतर आईच्या कुशीत झोपायला मिळणार नाही. आई दिवसभर कामात असायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

तांडेलबाबा आले ते आत्याच्या देखतच आले. गोळ्याला हात लावायला गेले, तशी आत्या म्हणाली, "हात लावू नका तांडेल. ती देवीची हाय."

त्यांनी हात मागे घेतला. वाद घातला नाही, हसलेही नाहीत. म्हणाले, "कात्री माझ्या घरात नाय, तुम्हाला म्हायती हाय. मी कापणार नाय, तोडणार नाय. नुसता भिजवतो. देवीनं मारलेली गाठ असंल तर माझ्यासारख्याच्या बोटांनी सुटायची नाय. आन् सुटली, तर ती तिची नव्हं."

आत्या म्हणाली, कौल घेऊ.

देवळात गुरवाने देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर हात लावायला परवानगी, डावी पडली तर नाही. आम्ही बसून राहिलो. उजवी पडेना, डावीही पडेना. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, परत घातलं. उन्हं चढली. शेवटी तांडेलबाबा उठून धोतर झटकत म्हणाले, "आई म्हणतेय, तुमचं तुम्ही बघा." गुरवाला हसू आवरेना. आत्यालासुद्धा ओठ आवळावे लागले. मग ती म्हणाली, "दसऱ्यापर्यंत बघा. केस तुटलेला दिसला तर तिथंच थांबायचं."

रोज सकाळी तांडेलबाबा आमच्या पडवीत घंगाळ घेऊन येत. मी पाटावर, ते माझ्या मागे, आणि समोर आत्या पहाऱ्याला, जमिनीवर पडणारा केस न् केस बघत. आधी बुळबुळ चोपडून भिजत ठेवायचं, मग खालच्या टोकापासून सुरुवात. दोराच्या गाठी सोडवायची त्यांची शिंगाची टोकदार कांडी होती, ती गोळ्यात हळूच घालून एकेक बट मोकळी करायची. मला रडू आलं तर थांबायचे, आणि खाडीतल्या मगरीची नाहीतर मुंबईच्या बंदरातल्या आगबोटींची गोष्ट सांगायचे. आपण होऊन गळालेले केस ते वेचून आत्याच्या हातावर ठेवत. ती त्याचं मूळ बघायची आणि मान हलवायची.

लोंबणारा भाग सुटला. नवरात्र अर्धं झालं तोवर पाठीवर केस रुळायला लागले. पण टाळूजवळचा दगड हलेना. बुळबुळ त्यावरून ओघळून जायची, कांडी आत शिरायची नाही. आत्या म्हणाली, "बघा. मूळ तिनं धरलंय." आई चुलीपाशी गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. त्या सकाळी तांडेलबाबांनी कोयत्याच्या शेजारी फणी आणि कांडी मांडली, त्यांना फुलं वाहिली आणि तीच फुलं लागलेली फणी घेऊन आमच्याकडे आले. दसरा दुसऱ्या दिवशी होता. आत्याने परडी घासून पुसून ठेवली होती, ती मला पाटावरून दिसत होती. त्यांनी दगडावर नख ओढलं. नखात काळं काहीतरी आलं. आणि सवयीप्रमाणे त्यांनी ते जिभेवर ठेवलं.

"एरंडेल," ते म्हणाले. परत चाखलं. "एरंडेल आन् राख. वहिनी, पोरीच्या डोक्याला काय लावत होता?"

आई दारात आली. आत्याकडे बघितलं, खाली बघितलं. मग सगळं एकदम बोलली. रोज तिन्हीसांजेला ती देवीचा अंगारा एरंडेलात कालवून माझ्या टाळूवर थापत होती. ताप होता तोवर रोज. "अंगाऱ्यानं गाठ झाली असं कसं म्हणू? पोर त्यानंच वाचली ना? म्हणून बोलले नाय." आणि ती दाराला टेकून रडायला लागली.

"अगो वहिनी," तांडेलबाबा म्हणाले, "मचव्याच्या फटी बुजवायला आम्ही तेलात चुना कालवून भरतो. पाणी शिरत नाय त्यातून. तुम्ही पोरीच्या डोक्यावर तोच मसाला भरलाय. बुळबुळ आत जाणार कुठून?"

पण आता त्यांना वाट सापडली होती. जुना मसाला काढायचा तर आधी तो ऊन तेलाने मऊ करायचा, हे त्यांचं रोजचं काम. आईला खोबरेल कोमट करायला सांगितलं. माझ्या डोक्याखाली परात धरली आणि आत्याकडे वळून म्हणाले, "ताई, अंगारा पायदळी जाणार नाय. थेंब न् थेंब परातीत घेतो. तो सावित्रीला द्यायचा. पोर बरी झाली, त्याचं काम झालं. काम झालेला अंगारा नदीलाच देतात ना?"

आत्या परातीच्या जवळ सरकून बसली. तेल मुरलं, मसाला मऊ पडला, शिकेकाईच्या पाण्याने काळं काळं खाली यायला लागलं. परात भरली. ती उचलायला आई वाकली, तशी आत्या उठली. "तू थांब. मी नेते," ती म्हणाली. परातीत तिने एक फूल टाकलं, परात डोक्यावरच्या जटांवर ठेवली आणि एकटी नदीकडे चालायला लागली.

ती परत येईपर्यंत दगडाचे दोन भाग झाले होते. दसऱ्याच्या सकाळी फणी टाळूपासून शेंड्यापर्यंत गेली, कुठेही न अडकता. तांडेलबाबांनी फणी खाली ठेवली आणि आपली बोटं मोडली. आत्या माझ्या मागे येऊन बसली. तिने आपल्या बोटांनी माझे केस वरपासून खालपर्यंत चाचपले, परत चाचपले, आणखी एकदा. मग म्हणाली, "नव्हती तिची." दुपारी आम्हाला सोनं देऊन, परडी घेऊन ती एकटीच डोंगरावर परत गेली.

पुढे माझं सगळं झालं. शाळा झाली, लग्न झालं, ते याच गावात झालं, माहेर-सासरच्या मध्ये तांडेलबाबांची ओटी. पोरं झाली. भांडणंही झाली. यातलं काहीही मिळालं की मला आधी तो माणूस आठवतो, आणि देवापुढे हात जोडताना मी त्यांना वगळत नाही. त्यांना एकदा असं काहीतरी म्हणायला गेले होते. तर म्हणाले, "उपकार जास्वंदीचे मान. ती बघ, कशी बोडकी करून ठेवलीत तुम्ही."

पण मला सांगायचं आहे ते माझे केस सुटले त्याच्या पुढच्या वर्षीचं. नवरात्र बसायच्या आधी आत्या खाली आली. मला वाटलं मला बघायला आली. ती सरळ तांडेलबाबांच्या ओटीवर गेली, आपल्या रानातल्या शिकेकाईच्या शेंगांचं गाठोडं त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून पाटावर बसली. गाठोड्याची गाठ सोडवण्यात त्यांनी वेळ घेतला. मग म्हणाले, "ताई, ह्या जटा जुन्या हायत. माझ्या हयातीत व्हायचं नाय."

"सोडवा कोण म्हणतंय? देवीच्या हायत त्या," आत्या म्हणाली. "नुसता हात फिरवा. सात वर्षांची होते, तवापासून डोक्याला कुणाचा हात नाय लागला."

त्यांनी जास्वंदीची पानं चोळायला घेतली. जटांच्या मधल्या फटींतून, जिथे टाळू दिसत होती तिथे, कोमट बुळबुळ घालून ते बोटांनी चोळत राहिले. आत्या बसल्या बसल्या झोपली. आम्ही कुणी तिला उठवलं नाही.

मग ती दरवर्षी यायला लागली. दरवर्षी गाठोडं, दरवर्षी पाट. कानामागे एक बारीकशी जट होती, ती चोळता चोळता टोकाकडून ढिली पडत होती. तांडेलबाबा तिच्याबद्दल बोलत नसत आणि आत्या विचारत नसे. वर्षाला चार बोटं, कधी दोनच. असं करत ती जट बरीच वरपर्यंत सुटत आली, आणि एका पावसाळ्यात तांडेलबाबा गेले. फणी आणि कांडी त्यांच्या मुलींनी मला आणून दिली.

त्या वर्षीही आत्या आली. ओटी रिकामी बघून ती उभीच राहिली. मी पाट मांडला, घंगाळ भरलं, बुळबुळ चाखून बघितली आणि तिला म्हटलं, आत्या, बस. ती बसली. मी घाईघाईने कांडी आत घातली, ती बटेत अडकली. पुढे बघत आत्याच म्हणाली, "सावकाश गो. गाठीला घाई कळते."

कानामागची ती जट त्या दिवशी मुळापर्यंत सुटली. मी ती धुतली, विंचरली आणि पुढे आणून तिच्या हातात दिली. सात वर्षांच्या मुलीची काळी बट कधीतरी बांधली गेली होती, सुटली तेव्हा ती पांढरी होती. आत्याने ती गालाला लावून बघितली.

"अगो बाय," ती म्हणाली, "माझे केस मऊ हायत."